तारखा टाइप करू नका, कामं एकमेकांना जोडा: 10 जूनला शाळा ताब्यात देण्याचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिक्षण संस्थेची तळमजला अधिक एक अशी इमारत बांधायची आहे. दोन्ही मजल्यांवर 20 बाय 25 फुटांच्या तीन-तीन वर्गखोल्या आणि पुढे व्हरांडा. प्लिंथ (जोतं) झाला आहे. शाळा जूनच्या मध्याला भरते, म्हणून खोल्या 10 जूनला ताब्यात हव्यात. संस्थेच्या तरुण इंजिनिअरनी एमएस प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढे सुरुवातीची व शेवटची तारीख लिहिली. आता कळतंय की पैशांचा हप्ता उशिरा येणार, त्यामुळे तळमजल्याचे कॉलम 1 फेब्रुवारीआधी सुरू होत नाहीत. फाइलमध्ये कॉलम पुढे ढकलले तर बाकी एकही काम जागचं हलत नाही. त्यांचं म्हणणं: शेवटची तारीख देऊन सॉफ्टवेअरला उलटं मोजायला लावता येतं का, आणि कामं जोडायची कशी?

उलटं मोजता येतं आणि मोजायलाच हवं, पण ते कागदावर, एकदा. फाइल मात्र सुलटीच चालवायची.

प्रोजेक्ट इन्फर्मेशनमध्ये ‘शेड्यूल फ्रॉम’ असा पर्याय आहे. तिथे ‘प्रोजेक्ट फिनिश डेट’ निवडून 10 जून टाकली की त्यानंतर टाकलेल्या प्रत्येक नव्या कामाला सॉफ्टवेअर आपोआप ‘अ‍ॅज लेट अ‍ॅज पॉसिबल’ लावतं. म्हणजे प्रत्येक काम जितकं उशिरा करता येईल तितकं उशिरा. सगळी कामं आपापल्या शेवटच्या तारखेला जाऊन बसतात आणि कुणाकडेच एक दिवसाची उसंत राहत नाही. असं वेळापत्रक ठेकेदाराच्या हातात दिलंत तर तो म्हणणार, ‘साहेब, विटा एप्रिलात लागणार ना, मग आत्ताच कशाला उतरवू?’ आणि त्याचं चूक नसेल, कारण तुमच्याच कागदावर तसं लिहिलेलं असेल.

आधी फाइल का हलत नाही ते पाहू. कारणं बहुधा दोन असतात आणि दोन्ही एकत्र असतात. 2010 च्या आवृत्तीपासून एमएस प्रोजेक्ट नवं काम ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून घेतं. त्यात तुम्ही लिहाल ती तारीख, बस्स. लिंक असली तरी पुढचं काम आपोआप सरकत नाही. खालच्या पट्टीवर डावीकडे ‘न्यू टास्क्स’ असं दिसतं, तिथे ते ‘ऑटो शेड्यूल्ड’ करा, आणि आधीची सगळी कामं निवडून टास्क टॅबवरून ऑटो करा. दुसरं कारण जास्त छुपं आहे. ऑटो कामाच्या ‘स्टार्ट’ रकान्यात हाताने तारीख टाकली की सॉफ्टवेअर त्या कामाला गुपचूप ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ची अट लावतं. ‘फिनिश’मध्ये टाकली तर ‘फिनिश नो अर्लियर दॅन’. आधीचं काम लांबलं तर असं काम पुढे जातं, पण आधीचं काम लवकर उरकलं तर मागे येत नाही. कमावलेले चार दिवस तिथेच विरून जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ‘कन्स्ट्रेंट टाइप’ हा रकाना उघडा, वरपासून खालपर्यंत ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ भरा. तुमच्या यादीत हाताने ठेवण्यासारख्या तारखा दोन-तीनच आहेत: कॉलमची 1 फेब्रुवारी, कारण पैसे बाहेरून येतात, आणि अशाच बाहेरच्या एक-दोन गोष्टी. बाकी सगळ्या तारखा उत्तर म्हणून यायला हव्यात.

10 जूनचं काय करायचं? ‘मस्ट फिनिश ऑन’ लावायचा मोह होईल. लावू नका. त्या अटीने शेवटचं काम 10 जूनला खिळून राहतं. मागे गोंधळ झाला तरी चार्टचं शेवटचं टोक 10 जूनलाच दिसतं, आणि संस्थाचालकांना नेमकं तेच टोक दाखवलं जातं. (ऑप्शन्समधली ‘टास्क्स विल ऑलवेज ऑनर देअर कन्स्ट्रेंट डेट्स’ ही खूण काढली तर लिंक वरचढ ठरते, पण नव्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.) त्याऐवजी शेवटी शून्य दिवसांचं काम ठेवा, ‘खोल्या ताब्यात’. त्याच्या टास्क इन्फर्मेशनमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर ‘डेडलाइन’ नावाची चौकट आहे, तिथे 10 जून टाका. डेडलाइन कुठल्याही कामाला ढकलत नाही, ओढत नाही. चार्टवर एक बाण दिसतो, आणि काम त्याच्या पुढे गेलं की लाल खूण येते. खरी गंमत ‘टोटल स्लॅक’, म्हणजे कामाकडे उरलेली उसंत, या रकान्यात आहे. डेडलाइन टाकली की ही उसंत 10 जूनपासून मागे मोजली जाते, आणि ती उणे येऊ शकते. तो उणे आलेला आकडा लपवण्यासाठी नसतो. सगळी खटपट त्या एका आकड्यासाठीच असते.

आता लिंक. चार प्रकार आहेत, पण तुमच्या इमारतीत बहुतेक ठिकाणी ‘फिनिश टू स्टार्ट’च लागेल: हे संपलं की ते सुरू. ‘स्टार्ट टू स्टार्ट’ आणि ‘फिनिश टू फिनिश’ कधीकधी. ‘स्टार्ट टू फिनिश’ जवळजवळ कधीच नाही. तुमच्याकडे त्याचं एकच खरं उदाहरण सापडेल, बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं वीज कनेक्शन, जे कायमचा मीटर सुरू झाल्याशिवाय बंद करता येत नाही. दोन ओळी निवडून कंट्रोल-एफ2 दाबलं की लिंक होते. तेवढ्यावर सगळ्या ओळी एकदम निवडून कंट्रोल-एफ2 मारणारे मी पाहिलेत. यादीतला क्रम हाच कामाचा क्रम असं धरलं जातं, आणि तळमजल्याची रंगरंगोटी झाल्याशिवाय वरच्या मजल्याची वीट चढत नाही.

प्रत्येक लिंक करताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे काम सुरू करायला नेमकं काय अडवतंय? उत्तरं तीन जातींची येतात. एक, वस्तूचा नियम. काँक्रीटला ताकद यायला दिवस लागतात, ओल्या गिलाव्यावर पुट्टी बसत नाही. दोन, माणूस किंवा सामान. तेच गवंडी, स्लॅबच्या साच्याच्या त्याच प्लेटा. तीन, सवय. ‘आम्ही नेहमी असंच करतो.’ पहिल्या जातीची लिंक तोडता येत नाही, दुसऱ्या जातीची पैशाने तुटते, तिसऱ्या जातीची नुसत्या चर्चेने. म्हणून लिंक का केली ते त्या कामाच्या नोट्समध्ये एका ओळीत लिहून ठेवा. मे महिन्यात दिवस कमी पडतील तेव्हा ही ओळच कामाला येते.

पहिल्या जातीचा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे स्लॅबखालचे टेकू. इथे जरा थांबतो. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात टेकू किती दिवस ठेवायचे ते दिलं आहे. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14. बीमचा गाळा 6 मीटरपर्यंत असेल तर 14 दिवस, त्याहून मोठा असेल तर 21. तुमची खोली 20 फुटांची, म्हणजे 6.1 मीटर. बीम आडव्या बाजूने, 20 फुटांतून जरी टाकले असतील, तरी तुम्ही त्या 6 मीटरच्या रेषेच्या जेमतेम दहा सेंटिमीटर पलीकडे आहात. तेवढ्याने 14 चे 21 झाले. शिवाय हे आकडे साध्या, म्हणजे ओपीसी सिमेंटचे आहेत, आणि हवा 15 अंशांच्या खाली जात नसेल व पाणी नीट मारलं असेल तरचे. दुकानात आज बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) मिळतं, त्याला ताकद सावकाश येते. शेवटचा शब्द स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. मी खाली 21 धरतो.

हे 21 दिवस फाइलमध्ये कसे लिहायचे? लिंकवर ‘लॅग’, म्हणजे मधला थांबा, देता येतो. प्रेडिसेसर (मागचं काम) या रकान्यात 12एफएस+21डी असं, म्हणजे 12 नंबरचं काम संपल्यावर 21 दिवसांनी, अर्थात इंग्रजी अक्षरांत. पण ‘डी’ म्हणजे कामाचे दिवस. सुट्ट्या वगळून मोजले की 21 चे 24-25 होतात. काँक्रीटला रविवारची सुट्टी नसते, म्हणून ‘21ईडी’ लिहायचं, म्हणजे सलग चोवीस तासांचे दिवस. माझी पद्धत त्याहून वेगळी आहे. मी लॅग टाळतो आणि ‘पाणी मारणे, टेकू ठेवणे’ असं वेगळं कामच 21ईडी मुदतीचं करतो. लॅग छापील कागदावर दिसत नाही. न दिसणारी गोष्ट मुकादम पाळत नाही. वेगळी ओळ असली की पाणी कोण मारणार, टँकर कुठून येणार हेही विचारता येतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बऱ्याच गावांत तो बिनमहत्त्वाचा प्रश्न नसतो.

आता उलटा हिशोब, कागदावर. सोपं जावं म्हणून सगळे दिवस कॅलेंडरचे धरतो. मुदती मी अंदाजाने घेतल्यात, तुमच्या ठेकेदाराला विचारून बदला. वरचा, म्हणजे गच्चीचा स्लॅब पडल्यापासून पहिल्या मजल्याची साखळी अशी: टेकू 21 दिवस, सेंट्रिंग (प्लेटा-टेकूंचा साचा) उतरवणं 2, वीटकाम 12, चौकटी आणि भिंतीतल्या वायरिंगच्या नळ्या 6, आतला गिलावा 12, गिलाव्याला पाणी 7, वाळायला 14 (याच काळात लादी बसते, म्हणून ती वेगळी मोजत नाही), पुट्टी-रंग 12, दारं-खिडक्या-पंखे 4, साफसफाई 2. बेरीज 92. 10 जूनच्या 92 दिवस मागे गेलं की येतो 10 मार्च. म्हणजे गच्चीचा स्लॅब 10 मार्चला पडलाच पाहिजे. त्याआधी वरचे कॉलम 8 दिवस, सेंट्रिंग 12, लोखंड बांधणं आणि स्लॅबमधल्या नळ्या 5, स्लॅब 1, असे 26. म्हणजे पहिला स्लॅब 12 फेब्रुवारीला. आणखी तेवढेच 26 मागे गेलं की तळमजल्याचे कॉलम सुरू करायची शेवटची तारीख 17 जानेवारी.

तुम्ही सुरू करताय 1 फेब्रुवारीला. टोटल स्लॅक उणे 15. पहिला स्लॅब 27 फेब्रुवारी, गच्चीचा 25 मार्च, आणि खोल्या 25 जूनला.

हा आकडा आजच समोर आला हे चांगलं झालं. ‘बघू, मॅनेज करू’ म्हणत तो मेपर्यंत झाकून ठेवला असता तर हातात उपायच उरले नसते. आता करायचं काय? पहिली प्रतिक्रिया असते, सगळ्यांच्या मुदती थोड्या-थोड्या कापा. हा आळस आहे. 1957 च्या सुमाराला ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली ती याच दुखण्यावर. घाई करायला पैसे लागतात, मग ते सगळ्या कामांवर उधळायचे कशाला? जी कामं शेवटची तारीख ठरवतात त्यांच्यावरच खर्च करा. तुमच्या 92 दिवसांत कापायला जागा कुठे आहे ते त्या नजरेने पाहा. टेकूचे 21, पाण्याचे 7, वाळण्याचे 14 यांना हात लावायचा नाही. वीटकामाचे 12 चे 8 करायला दीडपट गवंडी लागतील आणि वाचतील चार. पण एक जागा मोठी आहे. ‘पहिल्या मजल्याचं वीटकाम’ ही एकच ओळ कशाला? खोल्या तीन आहेत.

वीटकाम खोलीला 4 दिवस, नळ्या-चौकटी 2, गिलावा 4, पाणी-वाळणं 21, रंग 4. प्रत्येक ओळीच्या तीन ओळी करा, खोली 1, 2, 3, आणि खोलीनिहाय जोडा. वीटकाम संपतं चौथ्या, आठव्या, बाराव्या दिवशी. नळ्या 6, 10, 14. गिलावा 10, 14, 18. पाणी-वाळणं धरून रंगाला खोल्या मोकळ्या होतात 31, 35, 39 ला, आणि शेवटचा रंग संपतो 43 व्या दिवशी. आधीच्या हिशोबात एवढ्याच कामांना 12, 6, 12, 21 आणि 12 मिळून 63 दिवस लागत होते. 20 दिवस वाचले, आणि एकाही कामाची मुदत कमी केलेली नाही. उणे 15 चे झाले अधिक 5.

इथे खूश होऊन फाइल बंद करू नका. हे वीस दिवस आहेत ते पाचव्या दिवसापासून एका खोलीत विटा रचल्या जातील आणि एक-दोन दिवसांनी शेजारच्या खोलीत गिलावा सुरू होईल या भरवशावर. तुमच्याकडे गवंड्यांची एकच टोळी असेल तर तीच माणसं दोन्हीकडे नसणार. मग तिन्ही खोल्यांचं वीटकाम बाराव्या दिवशी संपेल, गिलावा तिथून सुरू होऊन 16, 20, 24 ला संपेल, रंग 49 ला. वाचले 14. स्लॅक उणे 1. म्हणजे प्रश्न आता सॉफ्टवेअरचा उरलाच नाही. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठवडाभर गवंड्यांची दुसरी टोळी उभी करता येईल का, एवढाच प्रश्न आहे, आणि तो ठेकेदाराला आज विचारता येतो. हे फाइलमध्ये दिसायला हवं असेल तर ‘गवंडी टोळी 1’ असा रिसोर्स करून दोन्ही कामांना लावा. लेव्हलिंगचं, म्हणजे एकाच टोळीवर आलेली दोन कामं आपोआप मागेपुढे करायचं, बटण मात्र आंधळेपणाने दाबू नका. ते कामं कुठेही नेऊन टाकतं. मी अशा लिंका हाताने करतो आणि नोट्समध्ये ‘टोळी एकच आहे म्हणून’ असं लिहितो.

ओळी फोडायच्या नसतील तर ‘स्टार्ट टू स्टार्ट’ अधिक 6 दिवस असाही मार्ग आहे: वीटकाम सुरू झाल्यावर सहा दिवसांनी गिलावा सुरू. त्यात एक खोच आहे. वीटकाम सुरू झालं आणि मध्येच विटा संपल्या म्हणून अडलं, तर गिलाव्याला त्याची खबरच नसते. तो फक्त सुरुवातीला बांधलेला आहे, म्हणून कागदावर वीटकामाच्याही आधी संपून मोकळा होतो. अशा जोडीला ‘फिनिश टू फिनिश’चीही लिंक द्यावीच लागते: वीटकाम संपल्यावर निदान सहा दिवसांनीच गिलावा संपेल. एमएस प्रोजेक्टमध्ये त्याच दोन कामांत दुसरी लिंक टाकता येत नाही, मध्ये एखादं शून्य दिवसांचं काम घालावं लागतं. त्यापेक्षा खोल्या फोडणं बरं.

तसंच सेंट्रिंगच्या सामानाचं. ठेकेदाराकडे प्लेटा आणि टेकूंचा एकच सेट आहे का, हे तुम्ही विचारलंत का? पहिला स्लॅब 27 फेब्रुवारीला पडला तर त्याचे टेकू 20 मार्चपर्यंत अडकलेले. वरचं सेंट्रिंग तर 7 मार्चला सुरू व्हायचंय. सेट एकच असेल तर सामान 22 मार्चला सुटेल, तिथून 12, 5 आणि 1 दिवस, म्हणजे गच्चीचा स्लॅब 25 मार्चऐवजी 9 एप्रिलला. वर खोल्या फोडून कमावलेले वीस दिवस इथे पंधराने कमी झाले. स्लॅबच्या प्लेटा लवकर काढून टेकू लगेच परत लावायची मुभा मानकात आहे, तीन दिवसांनंतर. पण लहान साइटवर ते ‘लगेच परत’ कसं होतं हे ज्याने पाहिलंय तो ती मुभा वापरणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. वरच्या स्लॅबचे टेकू खालच्या स्लॅबवर उभे असतात, ओल्या काँक्रीटचं सगळं वजन त्यावर येतं. म्हणून ‘खालचे टेकू काढणे’ या कामाला दोन प्रेडिसेसर द्यायचे: एक, खालचा स्लॅब पडून 21 दिवस. दोन, वरचा स्लॅब पडून स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतील तेवढे दिवस. दोन्हीपैकी जे उशिरा येईल ते सॉफ्टवेअर आपोआप धरतं. ही लिंक मला इतरांनी केलेल्या फाइल्समध्ये क्वचितच दिसते. दुसऱ्या सेटचं भाडं तुमच्या बजेटमध्ये नसेल तर ते आता घाला.

कॅलेंडर. एमएस प्रोजेक्टचं स्टँडर्ड कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. आपल्या साइटवर आठवड्याची एक सुट्टी असते, रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी, ती तशी लावा. मग अपवाद भरा. होळी बहुधा मार्चमध्ये येते, आणि तुमचा लोखंड बांधणारा गट बिहार-उत्तर प्रदेशाकडचा असेल तर होळीला तो एक दिवस नाही, दहा-पंधरा दिवस जातो. तुमच्या नव्या तारखांत वरच्या स्लॅबचं लोखंड नेमकं मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आहे. यंदाची होळी कधी ते बघून त्या गटाशी आत्ताच बोला. स्थानिक मजूर असतील तर त्यांची अडचण लग्नसराईची. आणि इमारत जुन्या शाळेला लागून असेल, तिथे बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असेल, तर बारावी-दहावीच्या पेपरांच्या दिवशी मिक्सर आणि व्हायब्रेटर सकाळी लावता येणार नाही. या सगळ्या तारखा माहीत असलेल्या आहेत, त्यांना ‘अचानक आलेली अडचण’ म्हणता येत नाही.

पावसासाठी मात्र वेगळी डेडलाइन हवी. मोसमी पाऊस महाराष्ट्रात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि वळीव त्याआधीच मे महिन्यात येऊन जातो. बाहेरचा गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पॅरापेट या कामांना 10 जूनच्या हिशोबात भरपूर उसंत दिसेल, कारण त्यांच्यामागे फारसं काही अडत नाही. ती उसंत खोटी आहे. या कामांना प्रत्येकी 20 मेची डेडलाइन लावा, एका फाइलमध्ये कितीही डेडलाइन चालतात. लगेच दिसेल की परांची बांधणं हे काम अचानक तंग झालं. विदर्भात असाल तर शाळा उशिरा भरते, तुमची 10 जूनची तारीख दोन आठवडे पुढे जाऊ शकेल, पण पावसाची तारीख शाळा पाहून पुढे जात नाही.

थोड्या तांत्रिक सूचना भराभर. ‘तळमजला’, ‘पहिला मजला’ अशा ठळक गटओळींना लिंक करू नका, आतल्या खऱ्या कामांनाच करा, नाहीतर कोण कुणाला अडवतंय ते शोधता येत नाही. पहिलं आणि शेवटचं सोडून प्रत्येक कामाला निदान एक मागचं आणि एक पुढचं काम असलंच पाहिजे. पुढचं काम नसलेली ओळ किती लांबली तरी ओरडत नाही. 2013 पासून ‘टास्क पाथ’ आहे, एका कामावर उभं राहून त्याला ढकलणारी कामं रंगीत करून दाखवतं, ते वापरा. एमएस प्रोजेक्टचं लायसन्स परवडत नसेल तर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे. एक्सेलवरही भागतं: पुढच्या कामाची सुरुवात म्हणजे मागच्या सगळ्या कामांच्या शेवटांपैकी सगळ्यात मोठी तारीख, मॅक्सने काढायची, आणि त्यात मुदत मिळवायला वर्कडे-इंटल, सुट्टीचा कोड 11 दिला की फक्त रविवार वगळला जातो. साठ-सत्तर ओळींपर्यंत ते ठीक चालतं.

राखीव दिवस प्रत्येक कामात दोन-दोन लपवू नका. ठेकेदाराला ते दिवस सापडतात आणि काम आपोआप तेवढं पसरतं. जे काही पाच दिवस वाचलेत ते शेवटी ‘राखीव’ अशी उघड ओळ करून ठेवा, ‘खोल्या ताब्यात’च्या आधी. ते खर्च करायची परवानगी एकाच माणसाकडे असावी.

काम सुरू होण्याआधी बेसलाइन, म्हणजे मूळ वेळापत्रकाची प्रत, सेव्ह करा. मग मजुरांच्या हप्त्याच्या दिवशी, मोजमाप होतंच तेव्हा, तासभर बसून खरी सुरुवात आणि खरा शेवट भरा. चालू असलेल्या कामाला ‘किती टक्के झालं’ विचारू नका, सगळे ऐंशी सांगतात. ‘अजून किती दिवस’ विचारा आणि तो आकडा ‘रिमेनिंग ड्युरेशन’मध्ये भरा. जे काम व्हायला हवं होतं पण झालं नाही ते ‘अपडेट प्रोजेक्ट’मधून आजच्या पुढे ढकला, नाहीतर मागच्या आठवड्यात न झालेलं काम तिथेच भूतकाळात पडून राहतं आणि पुढचं सगळं शेड्यूल आशेवर चालतं. भरून झालं की फक्त एक रकाना पाहायचा, टोटल स्लॅक, आणि मागच्या आठवड्याशी ताडायचा. राखीव ओळ धरून शून्य असलेला स्लॅक उणे 3 झाला तर कुठल्या साखळीने खाल्ला ते त्याच दिवशी शोधायचं.

शेवटची एक साखळी तुमच्या यादीत दिसलीच नाही. कायमच्या वीज जोडणीचा अर्ज, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, मीटर. टेस्ट रिपोर्ट वायरिंग पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, पण अर्जाची चौकशी आणि लागणारा लोड ठरवणं यांना वायरिंगची वाट पाहायचं कारण नाही, ते फेब्रुवारीत सुरू करा. खिडक्यांचंही तसंच: अ‍ॅल्युमिनिअमवाला माप गिलाव्यानंतर घेतो आणि मग बनवायला दिवस मागतो, ते दिवस ‘दारं-खिडक्या 4’ मध्ये धरलेले नाहीत. त्याच्याकडून लेखी मुदत घ्या, गिलावा खोली 1, 2, 3 ला तीन लिंका करा, आणि मग पुन्हा एकदा स्लॅक पाहा.